उंबरठ्यावरचे धर्मगुरू : १९६४ची मुंबई आणि आधीची वीस वर्षं

१९६४च्या उत्तरार्धात साडेतीन महिन्यांच्या अवधीत तीन घटना घडल्या. १७ ऑगस्टला जेरुसलेममध्ये इस्रायलच्या संसदेनं कोकणातून तिकडे गेलेल्या, घरात मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजाविषयी ठराव केला. २९ ऑगस्टला, जन्माष्टमीच्या मुहूर्तावर, साकीनाक्याहून पवईकडे जाणाऱ्या साकीविहार रस्त्यावर सांदीपनी साधनालयात विश्व हिंदू परिषद स्थापन झाली. आणि २ डिसेंबरला पोप पॉल सहावे सांताक्रूझ विमानतळावर उतरले. भारतात आलेले ते पहिलेच पोप.

तिन्ही घटनांवर स्वतंत्रपणे पुष्कळ लिहिलं गेलं आहे. त्या एकत्र ठेवून पाहिल्या की विसाव्या शतकाच्या मध्यावर जगातल्या बहुतेक धर्मप्रमुखांपुढे उभा राहिलेला एकच प्रश्न स्पष्ट दिसतो. आपल्यात कोणाला घ्यायचं, कोणाला बाहेर काढायचं आणि आपलं कोणाला म्हणायचं, हे ठरवायचं कोणी? शतकानुशतकं हा निवाडा धर्मगुरूचा होता. १९४५ ते १९६५ या वीस वर्षांत अनुयायी मतदार झाला, नागरिक झाला, त्याच्या हाती राज्यघटना आली आणि त्यानं गुरूच्या निवाड्याला प्रश्न विचारायला सुरुवात केली. मुंबईत आणि मराठी मुलखात या प्रश्नाची जेवढी उत्तरं एका वेळी पाहायला मिळतात, तेवढी जगात फार थोड्या ठिकाणी मिळत असतील.

सुरुवात साकीनाक्यापासूनच करू. आज इथल्या सिग्नलला उभं राहिलं तर वरून मेट्रो जाते, खाली अंधेरी-कुर्ला रस्त्यावर रिक्षा आणि टेम्पो एकमेकांना वाट देत नाहीत, आणि खैरानी रोडच्या गाळ्यांतून पत्रा कापल्याचा, लोखंड घासल्याचा आवाज दिवसभर येत असतो. १९६३ साली हा शहराचा कडेचा भाग होता. पवईला लार्सन अँड टुब्रोचा कारखाना आणि आयआयटी या दोन मोठ्या वास्तू. बाकी टेकड्या, गवत, तलावाकडचा ओलावा. ९ जानेवारी १९६३ रोजी स्वामी चिन्मयानंदांनी इथे सांदीपनी साधनालय सुरू केलं. त्याच्या पत्त्यावरचा पिनकोड आजही ४०००७२, म्हणजे साकीनाका पोस्टाचा.

चिन्मयानंद मूळचे एर्नाकुलमचे बाळकृष्ण मेनन. आधी पत्रकार, ‘नॅशनल हेराल्ड’मध्ये काम केलेले. १९४९ साली ऋषिकेशला स्वामी शिवानंदांकडून संन्यास घेतला आणि पुढे उत्तरकाशीत तपोवन महाराजांकडे वेदान्त शिकले. त्यांचा पहिला ज्ञानयज्ञ ३१ डिसेंबर १९५१ला पुण्यात सुरू झाला. उपनिषदं आणि तीही इंग्रजीतून, समोर बसेल त्या प्रत्येकाला, जात न विचारता, बाई-पुरुष न पाहता. सनातनी पंडितांचा आक्षेप नेमका यालाच होता. ज्याला अधिकार नाही त्याला उपनिषद सांगायचं नाही, ही जुनी रीत त्यांनी मोडली. चिन्मयानंदांचं हे काम मला फार मोलाचं वाटतं. कचेरीत नोकरी करणारा, संस्कृत न येणारा मध्यमवर्गीय माणूस गीतेचं पुस्तक उघडून बसला, त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. साकीविहार रस्त्यावरचं साधनालय याच कामासाठी होतं : तरुण ब्रह्मचाऱ्यांना काही वर्षं वेदान्त शिकवायचा आणि मग शिकवण्यासाठी देशभर पाठवायचं. आधुनिक कॉलेजासारखा ठरलेला अभ्यासक्रम आणि मुदत ठेवून संन्यासी परंपरेचं शिक्षण देण्याचा तो प्रयोग होता.

त्याच जागेवर २९ ऑगस्ट १९६४ची बैठक झाली. हिंदूंची एक जागतिक परिषद असावी, असं चिन्मयानंदांनी १९६३ साली लिहिलं होतं. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे प्रचारक शिवराम शंकर आपटे याच विचारात होते. दरम्यान मुंबईत कॅथलिक चर्चचं आंतरराष्ट्रीय युखारिस्त अधिवेशन भरणार, हे जाहीर झालं. त्यात २५० हिंदूंचं धर्मांतर होणार अशी चर्चा होती आणि तसं झालं तर आपण ५०० ख्रिश्चनांना हिंदू करून घेऊ, असं चिन्मयानंदांनी जाहीर केलं. बैठकीला गोळवलकर गुरुजी होते, कन्हैयालाल मुनशी होते, अकाली नेते मास्टर तारासिंग होते आणि विदर्भातून राष्ट्रसंत तुकडोजी महाराज आले होते. चिन्मयानंद अध्यक्ष झाले, आपटे सरचिटणीस.

या बैठकीकडे पुढच्या राजकारणाच्या चष्म्यातून पाहण्याची सवय आपल्याला लागली आहे. थोडं बाजूला ठेवून पाहिलं तर तिथे एक खरी अडचण मांडली जात होती. हिंदूंना पोप नाही, खलिफा नाही, धर्मसभा नाही. शंकराचार्यांची पीठं आहेत, पण त्यांचा शब्द वारकऱ्यावर चालत नाही, लिंगायतांवर चालत नाही. मग हिंदू समाजाच्या वतीनं बोलायचं कोणी? परिषदेनं उत्तर दिलं ते संघटनेचं : भारतात उगम पावलेल्या साऱ्या पंथांना एका छत्राखाली आणायचं, त्यात शीख, जैन, बौद्धही आले. पण छत्राखाली बोलावणं सोपं. आतल्या माणसांना सारखं स्थान देणं अवघड. १९६९च्या मार्चमध्ये पुरीचे शंकराचार्य निरंजनदेव तीर्थ यांनी पाटण्यात अस्पृश्यतेचं समर्थन केलं आणि देशभर खळबळ उडाली. त्याच वर्षी डिसेंबरात उडुपीला परिषदेच्या व्यासपीठावर धर्माचार्यांनी अस्पृश्यतेला धर्माचा आधार नाही, असा ठराव केला. तो ठराव चांगला होता. उशीर मात्र फार झाला होता, आणि ज्यांच्यासाठी तो करायचा त्यांतल्या लाखो लोकांनी तेरा वर्षांपूर्वीच आपला निर्णय घेतला होता.

तो निर्णय बौद्ध धर्म स्वीकारण्याचा, १४ ऑक्टोबर १९५६चा, नागपूरचा. येवल्यात १९३५ साली बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. त्यानंतर एकवीस वर्षं त्यांनी अभ्यास केला, वाट पाहिली, अनेक धर्मांच्या प्रमुखांची बोलणी ऐकून घेतली. मधल्या काळात १९४७च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूरला विठ्ठलाचं दार सर्वांना उघडावं म्हणून दहा दिवस उपोषण केलं. दार उघडलं. पण बाबासाहेबांचा प्रश्न देवळाच्या दारापुरता कधीच नव्हता.

दीक्षाभूमीवर काय झालं ते नीट पाहायला हवं. कुशीनाऱ्याचे वृद्ध महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून बाबासाहेबांनी आणि त्यांच्या पत्नी माईसाहेबांनी त्रिशरण-पंचशील घेतलं. इथवर परंपरा झाली. त्यानंतर बाबासाहेब, एक गृहस्थ, चीवर न घातलेला माणूस, समोरच्या लाखोंच्या जनसमुदायाकडे वळले आणि त्यांनी स्वतः दीक्षा दिली. वर आपल्या बावीस प्रतिज्ञा दिल्या. बुद्ध विष्णूचा अवतार आहे हे आपण मानणार नाही, अशी त्यांतली एक. साऱ्यांना एका छत्राखाली घेऊ पाहणाऱ्यांना हे उत्तर आठ वर्षं आधीच मिळालेलं होतं. आणि पुढच्या दिवशी त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली : दीक्षा देण्याचा अधिकार प्रत्येक बौद्धाला आहे. माझ्या मते शतकाच्या मध्यावर जगातल्या कुठल्याही धर्मनेत्यानं उच्चारलेल्या वाक्यांमध्ये हे सर्वांत दूरवर पोचलेलं वाक्य आहे. आत घेण्याचा अधिकार त्यांनी भिक्षूकडे ठेवला नाही, स्वतःकडेही ठेवला नाही. जो आत आला त्याच्याच हाती तो दिला. दोन महिनेही उलटले नाहीत तोच, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. दुसऱ्या दिवशी दादरच्या स्मशानात भदंत आनंद कौसल्यायन यांच्या हस्ते जमलेल्या लोकांनी दीक्षा घेतली. नेता गेल्यावर चळवळ विरते हा सर्वसाधारण अनुभव. इथे १९५१च्या जनगणनेत अडीच हजारांच्या आसपास असलेली महाराष्ट्रातली बौद्धांची संख्या १९६१ साली सुमारे २७ लाख ९० हजार झाली.

त्याच डिसेंबरात गाडगेबाबाही गेले. आपण कोणाचे गुरू नाही आणि आपला कोणी शिष्य नाही, असं सांगत त्यांनी आयुष्य काढलं. हातात खराटा, अंगावर चिंध्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ गावाकडून आलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी त्यांनी धर्मशाळा उभी केली. धर्मप्रमुखांच्या यादीत त्यांचं नाव कोणी घालणार नाही, पण या काळाचा आढावा त्यांच्याशिवाय पुरा होत नाही. पीठ न मांडताही धर्माचं पुढारीपण करता येतं, हे त्यांनी दाखवलं.

आता पोपांकडे. त्यांच्या भेटीआधी मुंबईच्या ख्रिस्ती समाजात एक जुनं दुखणं होतं. पोर्तुगालच्या राजाला मिळालेल्या जुन्या हक्कामुळे मुंबईच्या आर्चबिशपपदावर कोणी बसायचं यात लिस्बनचा शब्द चाले. १९२८च्या करारानं ठरलं की एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश असा आर्चबिशप नेमायचा. मरोळ, सहार, कोंडिविट्याचे ईस्ट इंडियन, म्हणजे इथले मूळचे मराठी बोलणारे कॅथलिक, आपल्याच गावात तीनशेहून अधिक वर्षं ख्रिस्ती होते. मरोळच्या जुन्या चर्चचे अवशेष आज सीप्झच्या कुंपणात आहेत. पण त्यांच्या धर्मपीठावर त्यांच्यातला माणूस बसू शकत नव्हता. हे बदललं एका इंग्रज जेझुइटामुळे. आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स यांनी १९४६ साली व्हॅलेरियन ग्रेशियस यांना सहायक बिशप केलं, कारभार त्यांच्यावर सोपवला आणि आपण मुंबईबाहेर गेले. १९५० साली पोर्तुगालचा हक्क संपुष्टात आला, रॉबर्ट्स यांनी राजीनामा दिला आणि गोव्याच्या घराण्यात कराचीला जन्मलेले ग्रेशियस आर्चबिशप झाले. १९५३च्या जानेवारीत ते भारतातले पहिले कार्डिनल ठरले. सत्ता हातात असताना ती योग्य माणसाला देऊन बाजूला होणारे रॉबर्ट्स यांच्यासारखे लोक या काळात मोजकेच सापडतात.

१९६४चं युखारिस्त अधिवेशन ओव्हल मैदानावर भरलं. धर्मांतराच्या भीतीनं तापलेल्या वातावरणात पोप आले आणि ३ डिसेंबरला इतर धर्मांच्या प्रतिनिधींपुढे बोलताना त्यांनी बृहदारण्यक उपनिषदातली, असत्याकडून सत्याकडे नेण्याची प्रार्थना म्हटली. पुढच्या दिवशी शस्त्रास्त्रांवरच्या खर्चातला भाग गरिबांसाठीच्या जागतिक निधीला द्यावा, असं आवाहन त्यांनी मुंबईतूनच जगाला केलं. तेव्हा रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद चालू होती. लॅटिनऐवजी लोकभाषेतून उपासनेला वाट मोकळी करणारा तिचा निर्णय १९६३च्या डिसेंबरातला; अन्य धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असं म्हणणारा जाहीरनामा ऑक्टोबर १९६५चा. मुंबईतलं ते भाषण या दोन्हींच्या मधलं आहे. दोन हजार वर्षांच्या चर्चनं आपल्याबाहेरच्या माणसाकडे पाहण्याची नजर बदलली, आणि त्या बदलाचा एक टप्पा या शहरात पडला. साकीविहार रस्त्यावर ज्या अधिवेशनाच्या धास्तीनं बैठक झाली त्याच अधिवेशनाला आलेला पाहुणा उपनिषद म्हणून गेला. दोन्ही बाजूंनी ही गोष्ट पुरेशी आठवणीत ठेवलेली नाही, याची मला खंत वाटते.

जेरुसलेमची कहाणी आपल्याकडे त्याहून कमी माहीत आहे. बेने इस्रायल म्हणजे कुलाबा जिल्ह्यातले शनवार तेली. तेलाचा घाणा चालवायचा आणि शनिवारी तो बंद ठेवायचा, म्हणून हे नाव. आडनावं किहीमकर, रोहेकर, पेणकर अशी गावांवरून आलेली. परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून लागले. मुंबईत मशीद बंदरच्या बाजूला १७९६ साली त्यांनी पहिलं सिनेगॉग बांधलं. बायबलातल्या कथांवर ते मराठीतून कीर्तनं करत. १९४८ साली इस्रायल झालं आणि हजारो जण तिकडे गेले. तिथे मुख्य रब्बी यित्झाक निस्सिम यांच्या काळात रब्बींच्या मंडळानं विवाहनोंदणी करणाऱ्यांना फर्मावलं : बेने इस्रायल वधूवर आले तर त्यांच्या आईच्या, आजीच्या, शक्य तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करा. इतकी शतकं ज्यू धर्मशास्त्राच्या केंद्रापासून दूर राहिलेल्या या लोकांचे घटस्फोट आणि विधवाविवाह नियमानं झाले असतील का, ही शंका.

ज्यांनी कोकणात, आजूबाजूला एकही ज्यू नसताना, सुंता आणि शनिवार जपला त्यांना ज्यूंच्याच देशात आपण ज्यू असल्याचा पुरावा द्यावा लागला. त्यांनी तो द्यायचं नाकारलं. १९६४च्या उन्हाळ्यात बायकामुलांसह ते जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले. सत्याग्रहाची ही रीत ते भारतातून शिकून गेले होते, असं म्हटलं तर वावगं ठरणार नाही. १७ ऑगस्टला पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारनं संसदेत प्रश्न घेतला आणि बेने इस्रायल हे सर्व बाबतींत ज्यूच आहेत, असा ठराव झाला. महिन्याअखेर रब्बींनी आदेशातून समाजाचं नाव काढलं. मूठभर मराठी माणसांनी एका जागतिक धर्माच्या सर्वोच्च पीठाला आपला शब्द मागे घ्यायला लावला. शाळेच्या इतिहासात हे प्रकरण कधीच येत नाही, यायला हवं.

बाकीच्यांचा उल्लेख थोडक्यात. पारशांमध्ये पारशी कोण हे ठरवण्याचं काम दस्तुरांच्या हातून फार पूर्वी सुटलं होतं; १९०८ साली मुंबई उच्च न्यायालयानं रतनजी दादाभाई टाटांच्या फ्रेंच पत्नीच्या निमित्तानं त्यावर निकाल दिला आणि शतकाच्या मध्यापर्यंत समाज त्याच चौकटीत वाद घालत राहिला. सुन्नी मुसलमानांचा खलिफा १९२४ साली तुर्कस्ताननंच काढून टाकला. भायखळ्याचं खिलाफत हाऊस त्या चळवळीची खूण म्हणून उभं आहे. एकच प्रमुख नसल्यानं पुढे मदरसे आणि जमाती यांच्याकडेच अधिकार विखुरला. दलाई लामा १९५९ साली परागंदा होऊन भारतात आले. राज्य गेलं, आणि जगात त्यांचं वजन त्यानंतरच वाढलं.

मुंबईतले दोन शिया प्रमुख मात्र शेजारी ठेवूनच पाहायला हवेत. इस्माइलींचे इमाम आगाखान तिसरे आणि दाऊदी बोहरांचे सय्यदना ताहेर सैफुद्दीन समकालीन होते, दोघांच्याही गादीवर अनुयायांची अपार निष्ठा होती. आगाखानांना १० मार्च १९४६ रोजी ब्रेबॉर्न स्टेडियमवर हिऱ्यांनी तोललं गेलं. त्या छायाचित्रांमुळे लोकांना थाटच आठवतो. त्या निमित्तानं जमलेला पैसा पूर्व आफ्रिकेत आणि इथे कर्जसंस्था, घरं, शाळा यांत गेला, हे आठवत नाही. १९५२ साली त्यांनी आफ्रिकेतल्या इस्माइलींना वेशभूषेसह तिथल्या नव्या जीवनात मिसळून जायला सांगितलं. १९५७ साली ते वारले तेव्हा मृत्युपत्रात दोन्ही मुलगे वगळून हार्वर्डमध्ये शिकणाऱ्या वीस वर्षांच्या नातवाला, करीम यांना, इमाम नेमलेलं निघालं. कारण लिहिलं होतं की अणुयुगात वाढलेला तरुण माणूस हवा.

सय्यदना ताहेर सैफुद्दीन १९१५ ते १९६५ अशी पन्नास वर्षं गादीवर होते. विद्वान होते, अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलपती होते. विखुरलेल्या व्यापारी समाजाला त्यांनी घट्ट बांधलं. भेंडीबाजारातल्या त्यांच्या कबरीवरच्या रौदत ताहेराच्या आतल्या भिंतींवर संपूर्ण कुराण कोरलेलं आहे. पण समाजातून माणूस काढून टाकण्याचा अधिकार सोडायला ते तयार नव्हते. मुंबई प्रांताच्या विधिमंडळानं १९४९ साली असा बहिष्कार बेकायदा ठरवणारा कायदा केला. सय्यदनांनी त्याला आव्हान दिलं. कोकणातल्या खेड्यात वाळीत टाकणं म्हणजे काय, हे ज्यानं पाहिलं आहे त्याला बहिष्काराचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही : मशीद बंद, कबरस्तान बंद, मुलीचं लग्न जमत नाही, सख्खा भाऊ बोलत नाही. ९ जानेवारी १९६२ला सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक अशा बहुमतानं कायदा रद्द केला. धार्मिक कारणानं बहिष्कृत करणं हा पंथाच्या कारभाराचा भाग आहे, असं बहुमत. सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा एकटे विरोधात. बहिष्कृताची अवस्था अस्पृश्यासारखी होते आणि माणसाची प्रतिष्ठा राखणं हे कायद्याचं काम आहे, असं त्यांचं म्हणणं.

माझं मत सिन्हांच्या बाजूचं आहे. पंथाला स्वतःचे नियम हवेत हे खरं, पण आईच्या मयतीला येऊ न देण्याची ताकद कुठल्याही गादीच्या हाती राहू नये, मग ती बोहऱ्यांची असो, जातपंचायतीची असो की रब्बींची. महाराष्ट्रानं २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा मंजूर केला, तो जातपंचायतींच्या छळाच्या बातम्या एकामागून एक आल्यावर. १९६२चा निकाल बरोबर होता का, हा प्रश्न फेब्रुवारी २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठानं नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला.